बिब्याच्या खिंडीतला अर्धा डाव

सरका जरा जवळ. शेकोटीत दोन लाकडं टाका. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन या. मग मधेच 'नाना, सोबतीला चला की' म्हणालात तर मी उठणार नाही. सांगून ठेवतो.

ऐका. ही गोष्ट माझीच आहे, पण त्या रात्री मी जन्माला यायचा होतो. आईच्या पोटात आडवा होऊन बसलो होतो. हसू नका! आडवं मूल म्हणजे काय असतं ते बायकांना विचारा. माझी आई, सारजा, दुपारपासून कळा देत होती आणि मी काही वाट धरत नव्हतो. संध्याकाळ कलली तसं घरातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवायला सुरुवात केली. एक जण म्हणाली, "गोजराला आणा. गोजरा आली तर दोघं वाचतील. न्हाईतर रात निघायची न्हाई."

गोजराकाकू राहायची कोळेवाडीला, डोंगराच्या पल्याड. सुईण होती. अंगानं काटकुळी, तोंडानं तिखट, मिसरीनं काळे झालेले दात. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली. आणि तिला नाद कसला? तर वाघ-बकरीचा!

वाघ-बकरी ठाऊक आहे ना? देवळाच्या फरशीवर रेषा कोरलेल्या असतात, त्यावर खड्यांनी खेळतात, तोच. दोघांचा खेळ. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. वाघानं बकरीवरनं उडी मारली की बकरी खाल्ली. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांनी तिन्ही वाघांना कोंडलं, हलायला जागा ठेवली नाही, की बकऱ्या जिंकल्या. एवढंच.

तर ही बाई देवळापुढं पुरुषांच्यात जाऊन बसायची आणि खेळायची. कोण बोलणार? बोलणाऱ्याची आई तिच्या हातनं बाळंत झालेली! पण लोक तिला टरकायचे ते वेगळ्याच कारणानं. नियम. कुणी बोटभर खडा सरकवला की हिचा आवाज वेशीपर्यंत. आणि एकदा डाव झाला की उठू द्यायची नाही. "पट फिरव," म्हणायची. आता तू वाघ घे, मी बकऱ्या. दोन्हीकडनं खेळलं तर तो डाव, नाहीतर अर्धा. आणि दोघांचा एकेक झाला, तर निकालाचा तिसरा. दिवेलागण झाली, घरी भाकरी गार झाली, तरी लोक बसलेले. शिव्या द्यायचे तिला मनातल्या मनात.

हां. तर माझा बाप, शिदू, गाडीवाटेनं चार कोस पळत गेला. मधल्या जवळच्या खिंडीनं गेला नाही. भ्याला. का भ्याला ते कळेलच. वाटेत ओघळीत पडला, घोटा हा एवढा सुजला. लंगडत लंगडत कोळेवाडीला पोचला तेव्हा मिट्ट काळोख झाला होता.

"काकू, सारजा आडलीया," एवढंच बोलला आणि उंबऱ्यावर बसला.

गोजराकाकूनं दोनच प्रश्न विचारले. पाणी कधी गेलं, आणि पोटाला हात लावला तर डोकं कुठं लागतं. बापानं सांगितलं. काकूनं चंची कमरेला खोचली, कंदील उचलला.

"गाडीवाटेनं गेले तर उजाडंल. मी बिब्याच्या खिंडीतनं जाते."

"काकू, तिकडनं नको! रातच्याला तिथं—"

"तिथं काय हाय ते मला ठाव हाय. हितं काय हाय ते तुला ठाव न्हाई. तू बस पाय शेकत. सकाळच्याला ये गाडीनं."

आणि निघाली. एकटी! अमावास्येला दोन दिवस उरलेले. ऐकताय ना?

खिंडीच्या तोंडाशी बिब्याची झाडं. तिथं पाऊल टाकलं आणि कंदिलाची वात बसली. तेल भरलेलं, वारा नाही, तरी वात एवढीशी, निळी. काकू म्हणाली, "बरं." पुढं चालायला लागली.

दहा पावलं गेली नसेल, झुडपातनं तान्हं बाळ रडायला लागलं. ट्यँह्यँ, ट्यँह्यँ. तुम्ही आम्ही असतो तर काय केलं असतं? धावलो असतो! काकू उभी राहिली, कान दिला. आणि थुंकली. म्हणाली, "बाळ पोटातनं रडतं. बेंबी वर-खाली हुती. तू नुस्तं घशातनं रडतुयास. जा, शिकून ये."

रडणं चट बंद.

थोडी पुढं गेली तर मागनं हाक. "काकू! ओ काकू! थांबा!" आवाज कुणाचा? माझ्या बापाचा! हुबेहूब. "माघारी फिरा काकू, सांगावा आला. सारजा मोकळी झाली. पोरगा झाला!"

आता बघा. इथं कुणीही फसलं असतं. पाय दुखत होते, जीव धाकधूक करत होता, आणि बातमी गोड. पण काकूनं मान वळवली नाही. पुढं बघतच विचारलं, "वार पडली का?"

मागं गप्प.

"इचारते मी, वार पडली का? पोर झालं म्हंजे सुटली व्हय? पोरामागनं वार पडंस्तोवर बाई मोकळी नस्ती."

मागनं कुणीतरी दातावर दात घासल्यासारखा आवाज आला. काकूच्या पाठीवरनं घामाची धार गेली. भ्याली नव्हती असं समजू नका. भ्याली होती! पण तिला सारजाचं पोट दिसत होतं डोळ्यांपुढं.

मग वाट फिरायला लागली. वाटेत एक सपाट कातळ लागला, बैलगाडीच्या चाकाएवढा. ओलांडून गेली. पुन्हा तोच कातळ. उजवीकडनं गेली. पुन्हा तोच. तिसऱ्या खेपेला त्या कातळावर कुणीतरी बसलं होतं.

घोंगडीची खोळ डोक्यावर, गुडघे छातीशी. मेंढका असावा तसा. काकूनं कंदील वर धरला. कातळाची सावली पडली, झाडाची पडली. त्याची नाही पडली. नाव घेत नाही मी त्याचं. रात्रीचं घेऊ नये.

"बस," तो म्हणाला. "एक डाव टाक आनि जा. हारलीस तर ऱ्हा."

काकूनं बघितलं तर कातळावर पट कोरलेला, वाघ-बकरीचा. एकीकडं वाघांचे तीन मोठे दगड, शेजारी बकऱ्यांच्या खड्यांचा ढीग. काकूनं सवयीनं मोजले. चौदा खडे, आणि पंधरावी एक बोराची आठळी.

"एक खडा कमी हाय."

"तुझी जागा हाय ती," तो म्हणाला.

काकूनं एक खडा उचलला. गरम होता. तिनं बोटांत धरला तर आत काहीतरी उडत होतं, धक-धक, धक-धक. अरे, नाडी! सुईण ती, तिला नाडी कळणार नाही? त्या वाटेनं गेलेले आणि परत न आलेले चौदा जीव होते ते. काकूनं खडा हळूच खाली ठेवला.

"वाघ घेतीस का बकऱ्या?" त्यानं विचारलं. आणि हसला. कारण आजवर जो आला तो म्हणायचा, वाघ. कोण बकरी होईल?

काकू म्हणाली, "असं इचारायचं नस्तं. ओलं-सुकं करायचं. थुंक खापरीवर."

भुताला थुंकी कुठली! शेवटी काकूच थुंकली आणि खापरी उडवली. तर वाघ तिलाच आले.

बसली खेळायला. गड्यांनो, काकू कसली खेळणारी! तिनं भराभरा तीन बकऱ्या खाल्ल्या. पण खाल्लेली बकरी प्रत्येक खेपेला कण्हायची. मधेच पुन्हा बाळ रडलं, अगदी कानाशी. तिची नजर क्षणभर हलली. परत बघते तर पटावर बकऱ्या तेरा! व्हायला पाहिजेत बारा.

"खाल्लेली बकरी परत ठेवलीस तू."

"न्हाई."

"पोर जन्माला आलं की मी पैल्यांदा त्याची बोटं मोजते. चाळीस वर्सं मोजतीया. मला मोजायला शिकवू नगंस. उचल!"

त्यानं उचलली. का उचलली? तर ऐका. माणूस नियम मोडून पचवतो. ते जमत नाही भुताला. पकडलं की त्याला मानावंच लागतं.

पण त्यानंतर जो खेळला तो! बाप रे! अशी बकरी कुणी चालवलेली काकूनं जन्मात बघितली नव्हती. पाठीला पाठ लावून, इंच इंच पुढं. वाघाला उडी म्हणून नाही. एक वाघ कोंडला. दुसरा कोंडला. तिकडं सारजा, इकडं हे. आणि तिसरा वाघ कोपऱ्यात गेला, त्याच्यापुढं ती बोराची आठळी येऊन बसली.

हरली. सरळ सरळ हरली. त्यात लबाडी नव्हती.

"झालं," तो म्हणाला, आणि हात पुढं केला. हात लांबत लांबत पटावरनं आला. काकूच्या नखांपासनं जडपणा चढायला लागला. बोटं दगड झाली. मनगट दगड व्हायला लागलं. ह्याच्या आधी जे आले ते इथं काय करायचे? पाया पडायचे. रडायचे. पोराबाळांची शपथ घालायचे. आणि खडा व्हायचे.

काकू ओरडली, "हात मागं घे! अर्धाच झालाय डाव! पट फिरव. आता वाघ तुझं."

हात तिथंच थांबला. हवेत.

नंतर काकूनं माझ्या आईला सांगितलं होतं, "सारजे, म्या काय अक्कल लढवली न्हाई गं. सवयीनं तोंडातनं निघून गेलं."

"काय म्हनलीस?" तो म्हणाला. आवाज बदलला होता.

"भैरा हायस का? वाघ तुझं, बकऱ्या माझ्या. एकानंच वाघ घेऊन उठायचं ह्याला आमच्यात खेळ म्हनत न्हाईत."

मग त्यानं घोंगडीची खोळ मागं सारली. म्हातारा चेहरा. कपाळावर खोक पडलेली, इथपासून इथपर्यंत.

"मी पाटलाची मेंढरं राखायचो," तो म्हणाला. "तीस वर्सं ह्या कातळावर त्याच्यासमोर बसलो. जिकलो तरी बकऱ्या, हारलो तरी बकऱ्या. वाघ कायम त्याचं. एकदाच बोललो, मालक, आज पट फिरवूया का? तर हसला. मग काठी उचलली."

कुठला पाटील, कधीचा, ते आता कुणालाच माहीत नाही. पण बघा, तीस वर्षं. आणि मेल्यावर किती वर्षं, देव जाणे. आलेला प्रत्येक जण वाघ घ्यायचा, हा बकऱ्या घ्यायचा. एकानंही म्हटलं नाही, आता तू घे.

काकूच्या बोटांतला जडपणा उतरला. तिनं पट झाडला. तिन्ही वाघ त्याच्या हातात दिले. हात बर्फासारखा गार होता.

गंमत सांगू? त्याला वाघ चालवताच येईना! पोरासारखा उड्या मारायला लागला. दोन बकऱ्यांवरनं एकदम उडी मारली. काकू म्हणाली, "न्हाई रं बाबा. पाठीला पाठ असंल तर उडी न्हाई. तू मघाशी मला तसंच कोंडलंस न्हवं?" तो "व्हय की" म्हणाला आणि माघारी घेतला. पुन्हा रेषा सोडून गेला. "रेष बघ, रेष. वाघ असला तरी रेषंवरनंच जायाचं." लबाडी नव्हती आता ती, येत नव्हतं बिचाऱ्याला.

पण हळूहळू यायला लागलं. ऐका! एक बकरी खाल्ली. त्याचे डोळे चमकले. दोन. तीन. काकूच्या हातातले खडे धडधडत होते, आणि ते आता तिचे होते. चौथी खाल्ली. अजून एक जरी गेली असती तर सगळं संपलं, काकू संपली, आई संपली, मी संपलो! काकूच्या मनात एकदासुद्धा आलं नाही की खडा सरकवावा. समोर भूत, अंधार, बघणारं कुणी नाही. पण नाही! रेषेवरनं खेळली. आणि शेवटची आठळी ठेवली तिथं तिसरा वाघ कोंडला.

"एकेक झाला," काकू म्हणाली आणि उठायला लागली.

"कुठं?" तो म्हणाला. "निकालाचा राहिला की."

नियम तिचाच! तिनंच आयुष्यभर लोकांना बसवून ठेवलेलं.

तिनं वर बघितलं. चांदण्या कलल्या होत्या. तिसऱ्या डावाला वेळ नव्हता. जिंकली असती तरी पोचेपर्यंत सारजा गेली असती. गोजराकाकूनं जन्मात पहिल्यांदा नियमावरनं वाद घातला नाही.

"निकालाचा ऱ्हायला, मान्य. डाव मोडत न्हाई मी, थांबवते. आज एक पोरगी आडलीया."

"मग कधी?"

बघा, भुताला शब्द देऊ नये. दिला की तो सुटत नाही. काकूला ते माहीत होतं. पण त्यानं वाट सोडली नव्हती.

"माझं बोलावनं येईल त्या दिशी," ती म्हणाली. "वरचं. तवा येते. आधी न्हाई."

त्यानं मग मान हलवली.

"आनि ह्यांना सोड," काकू म्हणाली. "आपुन साधे खडे घेऊ. खेळनाऱ्याची सोंगटी करत न्हाईत."

त्यानं चौदा खड्यांवर फुंकर मारली. काकूनं एक उचलून बघितला. गार होता. नुसता दगड. सुटले बिचारे.

"बाय," ती निघाली तसा तो म्हणाला, "वाघ दिलास, उपकार झाले." भूत असं म्हणालं! तिनं मागं वळून बघितलं नाही. वात आपोआप वर आली आणि वाट सरळ झाली.

आमच्या दारात पोचली तेव्हा शुक्राची चांदणी उगवली होती. पाणीसुद्धा प्यायली नाही. हात धुतले, शेकले, आणि आत गेली. घटकाभरात मला फिरवलं आणि पायाकडनं बाहेर काढलं. मी पायाळू आहे तो असा. आई वाचली, मी वाचलो. माझी बोटं मोजली तिनं, दोनदा. मग भिंतीला टेकून बसली आणि रडली. आईला वाटलं, आनंदानं रडतेय.

लोकहो, मी आता ऐंशीला टेकलो. चार पोरं झाली, नातवंडं झाली, आंब्याचे किती हंगाम खाल्ले, किती पहाटा बघितल्या. ते सगळं त्या बाईनं दिलेलं आहे. स्वतःच्या मरणाचा शब्द देऊन दिलेलं आहे. देवाला मी हात जोडतो, पण आधी गोजराकाकूला जोडतो. त्यात मला लाज नाही.

मी पस्तिशीचा असताना काकू गेली. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. घाबरली वगैरे काही नाही. लुगडं नीट करून घेतलं, मिसरी लावली, आणि मला म्हणाली, "मला वाटंला लाव आता. कुनीतरी लई दिस खोळंबून हाय." मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांतनं हात फिरवला आणि गेली.

आता नीट ऐका. बिब्याच्या खिंडीकडं दिवसासुद्धा मी फक्त तोंडापर्यंत जातो. दर वर्षी माझ्या जन्माच्या तिथीला पान आणि सुपारी ठेवतो, आणि माघारी फिरतो. पण पलीकडच्या माळावरच्या मेंढक्यांनी ऐकलंय. एकानं नाही, तिघा-चौघांनी. अंधाऱ्या रात्री त्या खिंडीत दोघं भांडतात. एक म्हातारा आणि एक म्हातारी. म्हातारी म्हणते, बोट लागलं, खडा हलला, चाल झाली! म्हातारा म्हणतो, नाही लागलं! पंचेचाळीस वर्षं झाली, तो निकालाचा डाव काही संपत नाही.

म्हणून सांगतो, त्या वाटेला रात्रीचं जाऊ नका. कितीही घाई असू दे, गाडीवाटेनं जा. ते तुम्हाला खाणार नाहीत. गोजराकाकू तुमच्या केसाला धक्का लावू देणार नाही. पण दोघंही हट्टाला पेटलेत. एखाद्या रात्री कुणी वाटसरू समोर आला, तर दोघं मिळून त्याचा हात धरतील आणि म्हणतील, बस इथं. आम्हाला पंच पाहिजे.